बॅकप्लेट-विंगवर सुटसुटीत रेग्युलेटर: आधी होजची वाट, मग ब्रँड

तुमच्या एका प्रश्नात पाच प्रश्न आहेत, म्हणून आधी ते सुटे करून घेते. तुम्ही पुण्याचे, स्कूबा डायव्हर. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झालेला, वर्षाकाठी तारकर्ली किंवा कर्नाटकातलं नेत्राणी बेट, जमलं तर अंदमान. जॅकेट बीसीडी (पाण्यात तरंग सांभाळणारं, हवा भरायचं जाकीट) सोडून स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरचा धातूचा पत्रा) आणि एका सिलिंडरची विंग (त्यामागची हवेची पिशवी) घेतलीत. भाड्याचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारा संच, तिच्यावर चढवला, तर दोन्ही खांद्यांवर होजच्या (त्याच्या नळ्यांच्या) कमानी उभ्या राहिल्या. आता स्वतःचा संच घ्यायचाय आणि तो अंगाला चिकटून बसायला हवाय. तुम्ही विचारलंय: ब्रँड कोणता, योक की डिन (सिलिंडरला जोडायचे दोन प्रकार, पकडीचा आणि आट्यांचा), सात फुटी होज लागतेच का, ऑक्टोपसऐवजी (दुसऱ्याला द्यायच्या जादा सेकंड स्टेजऐवजी) इन्फ्लेटरमध्येच (विंगमध्ये हवा भरायच्या नळीवरच्या बटणांत) बसवलेली सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) चालेल का, आणि मित्र विकत असलेला जुना एपेक्स डीएस४ संच घ्यावा का.

बहुतेक जण ब्रँडपासून सुरुवात करतात, कारण दुकानात तोच समोर दिसतो. पण पाठीवरचा पसारा ब्रँडमुळे होत नाही. जॅकेटच्या हिशेबाने कापलेल्या होज बॅकप्लेटवर आल्या की तो होतो. तयार मिळणाऱ्या संचात धरून चाललेलं असतं की ऑक्टोपस उजव्या बगलेखालून पुढे येऊन छातीपाशी कुठेतरी अडकवला जाईल आणि सिलिंडरचा दाब दाखवणारा गेज मोठ्या कन्सोलमध्ये बसून डावीकडे लोंबेल. तुम्ही क्रम उलटा करा. हवा संपलेल्या माणसाच्या हातात काय देणार आणि स्वतः काय तोंडात घेणार, हे पहिलं. त्यावरून प्रत्येक होजची वाट आणि लांबी ठरते. त्या वाटांवरून फर्स्ट स्टेजची (सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसून दाब उतरवणाऱ्या भागाची) पोर्टं, म्हणजे होज जोडायची छिद्रं, कोणत्या दिशेला हवीत ते कळतं. तशी फर्स्ट स्टेज कोण बनवतं आणि तिची सर्व्हिस तुमच्या आवाक्यात कोण करतं, हे सगळ्यात शेवटी.

पुढचं सगळं एका सिलिंडरच्या, उबदार पाण्यातल्या आणि वर थेट पृष्ठभाग असलेल्या डायव्हिंगपुरतं आहे. गुहा, जहाजाच्या आत शिरणं, जोडसिलिंडर, ड्रायसूट यातलं काही आलं की लांब्याही बदलतात आणि कारणंही. होजचे आकडे तुमच्या उंचीवर आणि खांद्यांच्या रुंदीवर ठरतात, त्यामुळे माझे आकडे ही सुरुवातीची मापं समजा. आणि हवा देण्याची पद्धत बदलायची असेल, तर ती वाचून अंगात येत नाही. ज्याला ती पद्धत येते अशा इन्स्ट्रक्टरबरोबर आधी स्विमिंग पूलमध्ये घोटून घ्या.

रेग्युलेटरच्या आधी हार्नेस, म्हणजे बॅकप्लेटचे पट्टे. याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. जॅकेटमध्ये सिलिंडरची उंची थोडी इकडेतिकडे झाली तरी फारसं जाणवत नाही. बॅकप्लेट मात्र पाठीला घट्ट असते आणि सिलिंडर प्लेटला घट्ट असतो, त्यामुळे कॅम बँड (सिलिंडर प्लेटला बांधणारा पट्टा) सिलिंडरवर चार-पाच सेंटिमीटर वर किंवा खाली सरकला की फर्स्ट स्टेज तेवढीच सरकते आणि चारही होजची मापं बदलतात. म्हणून आधी खांद्याचे पट्टे आणि क्रॉच स्ट्रॅप (पायांमधून जाणारा पट्टा) पक्के करा. मग पाण्यात आडवं होऊन पाहा. मान वर करून समोर बघताना डोकं फर्स्ट स्टेजवर आपटता कामा नये, आणि हात मागे नेल्यावर व्हॉल्व्हची मूठ बोटांना लागली पाहिजे. या दोन्ही गोष्टी जुळल्या की व्हॉल्व्हपासून वरच्या बँडपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. आपल्याकडे बोटीवरची मुलं किट बांधून देतात, आणि ती प्रेमाने पण त्यांच्या सवयीच्या उंचीवर बांधतात. त्यांना तुमचं माप सांगा, किंवा सिलिंडर हातात आला की त्यावर टेपचा तुकडा लावून खूण करा. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमचा ११.१ लिटरचा सिलिंडर मिळतो, त्यामुळे एकदा जुळलेलं माप सहसा टिकतं. परदेशात बुटका स्टील सिलिंडर मिळाला तर पुन्हा बघावं लागेल.

आता मुख्य मुद्दा. हवा संपलेला माणूस शांतपणे खूण करून तुमच्या छातीवरचा ऑक्टोपस शोधत बसेल, हे गृहीत धरू नका. घाबरलेल्या माणसाला समोर बुडबुडे सोडणारी एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे तुमच्या तोंडातली सेकंड स्टेज. तो तीच ओढण्याची शक्यता मोठी. शिवाय क्लिपमधून सुटून वाळूत घासत आलेल्या ऑक्टोपसमध्ये काय शिरलंय, त्याचं माउथपीस धड आहे का, हे त्या क्षणी कोणालाच माहीत नसतं. उलट तुमच्या तोंडातल्या सेकंड स्टेजमधून आत्ता श्वास चाललाय, म्हणजे ती चालते याची खात्री आहे. म्हणून तीच द्यायची. स्वतःसाठीची दुसरी सेकंड स्टेज हनुवटीखाली रबरी बंजीच्या गळपट्ट्यात अडकवलेली असते. मान खाली घातली की ती ओठांना लागते, तिच्यासाठी हात शोधत फिरवावा लागत नाही. द्यायची ती लांब होजवर, स्वतःची आखूड होजवर. बॅकप्लेट-विंगवरची सगळी 'सुटसुटीत' रचना या एका निर्णयातून येते.

ही पद्धत उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये घडली. विल्यम होगार्थ मेन या गुहा-डायव्हरच्या नावावरून तिला होगार्थियन म्हणतात. पुढे वुडविल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट या गुहा शोधणाऱ्या गटाच्या डायव्हरांनी ती काटेकोर केली, आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स या प्रशिक्षण संस्थेमुळे ती गुहांबाहेरच्या साध्या डायव्हिंगमध्येही पसरली. तिथल्या प्रत्येक मापामागे एक कारण आहे. ते कारण तुमच्या पाण्यात लागू पडतं का, एवढं पाहूनच ते माप उचला.

सात फुटी, म्हणजे साधारण २१० सेंमी होजचं कारण असं की गुहेच्या अरुंद वाटेतून दोघांना एकामागे एक बाहेर पडावं लागतं. देणारा आणि घेणारा शेजारी-शेजारी मावतच नाहीत. नेत्राणीला किंवा अंदमानातल्या हॅवलॉकच्या रीफवर अशी वाट नाही. तिथे दोघं समोरासमोर किंवा शेजारी राहून वर येतात. सात फुटी होज एका सिलिंडरवर वापरता येते, पण तिचा कंबरेपाशी उरणारा भाग खोचायला काहीतरी लागतं. टॉर्चचा डबा किंवा कंबरपट्ट्यावरचा खिसा नसला की तो भाग सुटून लोंबतो. तुम्ही पुढे गुहा किंवा टेक्निकल डायव्हिंगकडे वळणार असाल तर आत्तापासून सात फुटीची सवय लावण्यात अर्थ आहे. नाहीतर नाही.

तुमच्यासाठी माझी पसंती पाच फुटी, म्हणजे १५० सेंमी होज. तिची वाट अशी: फर्स्ट स्टेजच्या उजवीकडून खाली, उजव्या बगलेखालून पुढे, छातीवरून तिरकी डाव्या खांद्याकडे, मानेमागून फिरून उजवीकडून तोंडात. कुठेही खोचावी लागत नाही आणि अंगाला लागून राहते. देताना मान किंचित खाली घालून हात सरळ पुढे केला की ती पूर्ण मोकळी होते. बुटक्या, सडपातळ माणसाला ती मानेमागे जरा सैल वाटते, आणि रुंद खांद्यांच्या उंच माणसाला अपुरी पडू शकते. दुसरा पर्याय चाळीस इंची, म्हणजे साधारण १०० सेंमी होज उजव्या बगलेखालून थेट तोंडाकडे आणि सेकंड स्टेजपाशी कोनी स्विव्हल (फिरता सांधा). दिसायला हा सगळ्यात नेटका आणि मानेभोवती काही नको असणाऱ्यांना सोयीचा. पण तो दिला की दोघं फार जवळ बांधले जातात, आणि स्विव्हल म्हणजे आणखी ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), म्हणजे गळण्याची आणखी एक जागा. बगलेखालून येणाऱ्या आखूड होजला कोन आवश्यक आहे म्हणून तिथे स्विव्हल मान्य. मानेमागून येणाऱ्या होजला त्याची गरज नाही, तिथे लावू नका.

गळ्यातल्या सेकंड स्टेजची होज ५५ ते ६० सेंमी. ती उजव्या खांद्यावरून येते. इथे कंजूस माप घेऊ नका: मान पूर्ण डावीकडे वळवली तरी माउथपीस ओढलं जायला नको. बंजी साधारण पाच मिलिमीटर जाडीची घ्या आणि गाठ माउथपीसच्या टायखाली अशी बांधा की सेकंड स्टेज हनुवटीच्या लगेच खाली राहील. फास सैल ठेवला तर ती छातीवर उतरते आणि गळपट्ट्याचा उपयोगच संपतो. या सेकंड स्टेजला श्वास-प्रतिकाराची मूठ असेल तर थोडी घट्ट ठेवा, म्हणजे उडी मारताना किंवा प्रवाहात ती आपोआप हवा सोडत नाही.

आता अंगावर चढवण्याचा क्रम. आधी गळपट्टा, त्यावरून लांब होज. लांब होज सगळ्यांत बाहेर आणि सगळ्यांत शेवटी. बोटीवर मदत करणारा माणूस घाईत ती खांद्याच्या पट्ट्याखाली किंवा इन्फ्लेटरच्या मागे घालतो, आणि वरवर पाहता सगळं ठीक दिसतं. द्यायची वेळ आली की ती अर्ध्यात अडकते. म्हणून पाण्यात शिरण्यापूर्वी प्रत्येक वेळी लांब होज पूर्ण काढून बडीसमोर (डायव्हमधल्या जोडीदारासमोर) धरायची आणि परत घ्यायची. याला काही सेकंदच लागतात, पण मी शिकवते त्या प्रत्येकाकडून हे करून घेते आणि त्यात सूट देत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. बडी बहुतेकदा अनोळखी असतो, त्याच्याकडे जॅकेट असतं आणि त्याला पिवळा ऑक्टोपस शोधायची शिकवण मिळालेली असते. त्याला आधीच स्पष्ट सांगा: "हवा संपली तर माझ्या तोंडातला रेग्युलेटर तुझा. मी गळ्यातला घेईन." आणि पिवळा रंग लावायचाच असेल तर तो लांब होजवरच्या सेकंड स्टेजला लावा. जे द्यायचं तेच ठळक दिसलं पाहिजे. गळ्यातली काळीच असू द्या. काही सेंटर ऑक्टोपस नेहमीच्या जागीच हवा म्हणून आग्रह धरतात. तिथे वाद घालत बसू नका, बुकिंगच्या वेळी फोनवर विचारून घ्या.

इन्फ्लेटरमध्ये बसवलेल्या सेकंड स्टेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बॅकप्लेटवर नको. एक होज कमी होते हे खरं. पण तुम्ही तोंडातली दिलीत की तुम्हाला इन्फ्लेटर तोंडात धरून वर यायचं असतं, आणि वर येताना त्याच इन्फ्लेटरने विंगमधली हवा सोडायची असते. विंगची नालीदार नळी आखूड असते, त्यामुळे मान अवघडते, आणि हवा सोडायला नळी वर धरावी तर श्वासाची सोय तोंडातून सुटू पाहते. नेमक्या गडबडीच्या क्षणी एका हाताला दोन कामं लागतात. शिवाय तिची क्विक कनेक्टर जोडणी बहुधा वेगळी, जास्त रुंद असते, म्हणजे नेहमीची इन्फ्लेटर होज तिला बसत नाही.

डावी बाजू सोपी आहे. इन्फ्लेटरची होज ५५ ते ६० सेंमी, डाव्या खांद्यावरून, नालीदार नळीवरच्या रबरी फासातून. नळी डोक्यावर पूर्ण उंच धरून पाहा, होज ताणली गेली तर आखूड आहे. प्रेशर गेजची हाय प्रेशर होज ६० सेंमीच्या आसपास, डाव्या बगलेखालून सरळ डाव्या कमरेच्या डी-रिंगपर्यंत (पट्ट्यावरच्या कडीपर्यंत), तिथे बोल्ट स्नॅपने (खटक्याच्या हुकाने) अडकवलेली. लांबी जास्त झाली की नितंबापाशी फास तयार होतो आणि जाळ्याचा तुकडा, मासेमारीची दोरी त्यातच अडकते. मालवणच्या गढूळ पाण्यात अशी दोरी हाताला लागेपर्यंत दिसत नाही. गेज साधा, पितळी, लहान घ्या. कन्सोल नको. खोली आणि दिशा मनगटावर. लोंबणारा कन्सोल रीफवर आपटत जातो आणि मागे काय मोडलं ते डायव्हरला दिसतही नाही. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, पण कायदा बाजूला ठेवला तरी तुटलेली प्रवाळाची फांदी परत वाढायला वर्षं लागतात. सुटसुटीत किटचा मला सगळ्यात जास्त पटणारा फायदा हाच आहे.

बोल्ट स्नॅप होजला दोरीनेच बांधा, धातूच्या कडीने नाही. अडकला तर दोरी कापता येते. गेजच्या मानेत एक बारीक स्पूल (छोटी धातूची नळी) असतो, त्याच्या दोन छोट्या ओ-रिंगा झिजल्या की तिथून बुडबुड्यांची बारीक माळ सुटते. स्पूल स्वस्त असतो, एक जादा जवळ ठेवा.

सिलिंडरचा दाब मनगटावरच्या कॉम्प्युटरला बिनतारी पाठवणारा ट्रान्समीटर लावला तर एक होज खरोखर कमी होते. पण त्याची बॅटरी अंदमानातल्या बेटावर संपली तर दिवस वाया जातो. शिवाय बरेच जण सिलिंडर उचलताना त्यालाच मूठ समजून धरतात. लावायचाच असेल तर छोट्या हाय प्रेशर होजवर लावा. पहिल्या संचासाठी मी साधा गेजच सुचवेन.

या वाटा कागदावर काढल्यात की फर्स्ट स्टेज निवडणं सोपं होतं. तुम्हाला लागतात तीन लो प्रेशर पोर्टं (दोन सेकंड स्टेज आणि इन्फ्लेटरसाठी) आणि एक हाय प्रेशर (गेजसाठी). बाजारातली जवळपास प्रत्येक फर्स्ट स्टेज एवढी पोर्टं देते. फरक पडतो तो दिशेत. होज फर्स्ट स्टेजमधून बाहेर पडताना खालच्या दिशेने निघाली पाहिजे. ती सरळ आडवी निघाली की वळायला जागा घेते, आणि तुमच्या खांद्यावर उभ्या राहिल्या त्या याच कमानी. म्हणून फर्स्ट स्टेज हातात घ्या, सिलिंडरवर जशी बसेल तशी धरा आणि प्रत्येक पोर्टमधून निघणारी होज कुठे जाईल ते बोटाने दाखवून पाहा. शक्य असेल तर सुतळीचे तुकडे पोर्टला धरून, पूर्ण हार्नेस अंगावर असताना दुसऱ्याकडून माप घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यातून निघालेले आकडे माझ्या आकड्यांपेक्षा जास्त खरे असतील.

स्कूबाप्रोची एमके२५ घ्या उदाहरणाला: फिरता टरेट (पोर्टांचा वळवता येणारा भाग), त्यावर पाच लो प्रेशर पोर्टं, त्यातलं एक टरेटच्या टोकाला. होज हव्या त्या दिशेला वळवता येतात. एपेक्सच्या डीएसटीलाही असाच टरेट आहे. डीएस४ला टरेट नाही, चार लो प्रेशर आणि एकच हाय प्रेशर पोर्ट आहे, पण पोर्टं अशी तिरकी कोरलेली आहेत की एका सिलिंडरवर होज आपसूक खाली वळतात. तुमच्या कामाला स्थिर पोर्टं पुरतात. हलणारा भाग कमी म्हणजे त्याची ओ-रिंगही कमी.

फर्स्ट स्टेजच्या आत पिस्टन की डायाफ्राम (लवचिक पडदा), यावर लोक तासन्‌तास बोलतात. दोन्ही प्रकार उत्तम चालतात. पिस्टनमध्ये हवेचा प्रवाह भरपूर आणि सुटे भाग कमी, पण त्याच्या स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचं पाणी शिरतं आणि सुकल्यावर मीठ राहतं. सीलबंद डायाफ्राममध्ये ते पाणी आत येत नाही. कोकण किनाऱ्यावरचा गाळ, दमट हवा आणि दोन ट्रिपांमधले तुमचे लांब खंड पाहता मी सीलबंद डायाफ्रामकडे झुकेन. स्कूबाप्रोची एमके१७ आणि एपेक्सच्या बऱ्याच फर्स्ट स्टेज या प्रकारातल्या आहेत.

बॅलन्स्ड असणं मात्र मी आवश्यक धरते. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरलं, तर दोघं मिळून ६०, आणि त्या खोलीवर ६० गुणिले ४, म्हणजे मिनिटाला २४० लिटर एका फर्स्ट स्टेजमधून जायला हवेत. हे घडतं तेव्हा सिलिंडर अर्धाअधिक रिकामा असण्याचीच शक्यता जास्त. अनबॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडरचा दाब उतरला की श्वास जड होत जातो. बॅलन्स्डमध्ये तो फरक जवळजवळ जाणवत नाही.

योक की डिन: डिन घ्या, योकचा अडॅप्टर बॅगेत ठेवा. डिनमध्ये ओ-रिंग आट्यांच्या आत कैद असते, त्यामुळे धक्क्याने बाहेर फुटत नाही, आणि बांधणी लहान असते. आपल्याकडे बऱ्याच सिलिंडरांच्या व्हॉल्व्हमध्ये निघणारा इन्सर्ट असतो, डिनचं तोंड योकला जुळवणारा. सेंटरवाल्यांना सांगितलं तर ते षटकोनी चावीने तो काढून देतात आणि डिन थेट बसतो. इन्सर्ट गंजून बसलेला असेल किंवा व्हॉल्व्ह फक्त योकचा असेल, तर अडॅप्टर. त्याची एक किंमत आहे: तो फर्स्ट स्टेजला तुमच्या डोक्याकडे काही सेंटिमीटर ढकलतो. म्हणून अडॅप्टर लावलेल्या दिवशी सिलिंडर जरा खाली घ्या. तुमचं सगळं डायव्हिंग एकाच सेंटरवर होत असेल आणि तिथे फक्त योक व्हॉल्व्ह असतील, तर सरळ योक घेण्यातही चूक नाही. २३२ बारपर्यंत योक चालतो, आणि आपले अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर २०७ बारचे आहेत.

होजचा प्रकार: विणलेल्या आवरणाच्या होज मऊ आणि हलक्या असतात, मानेभोवती आरामशीर वाटतात. पण त्यातल्या काहींच्या आतल्या नळीत कालांतराने स्फटिक धरून नळी खराब झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि उष्णता-दमटपणा त्याला पोषक ठरतो. बाहेरून ते दिसत नाही. साधी रबरी होज भेग पडून आधी इशारा देते. मी रबरीच वापरते. होजच्या टोकावरची प्लास्टिक बूटं काढून टाका, त्यांच्याखाली मीठ साठतं आणि भेगही तिथेच लपते. आणि हे लक्षात असू द्या की फुटलेली हाय प्रेशर होज जोराचा आवाज करते, पण त्या पोर्टचं छिद्र सुईएवढं असल्याने हवा तुलनेने हळू जाते. लो प्रेशर होज फुटली तर सिलिंडर फार लवकर रिकामा होतो. तपासताना भर कुठे द्यायचा ते त्यावरून ठरवा.

थोडक्यात तुमची यादी अशी: सीलबंद, बॅलन्स्ड डायाफ्राम, डिन. उजवीकडे १५० सेंमीची द्यायची होज आणि ५५-६० ची गळ्यातली. डावीकडे ५५-६० ची इन्फ्लेटर आणि ६० ची गेजची. चार होज आणि दोनच बोल्ट स्नॅप: एक गेजला, एक लांब होजच्या सेकंड स्टेजपाशी, पृष्ठभागावर ती उजव्या छातीच्या डी-रिंगला अडकवायला.

आता मित्राचा डीएस४. वरची यादी पाहिलीत तर तो तिच्यात बसतोच, एकच हाय प्रेशर पोर्ट असल्याने ट्रान्समीटर आणि गेज दोन्ही एकदम लावता येणार नाहीत, एवढंच. घेण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघा. फर्स्ट स्टेजच्या तोंडातला जाळीदार फिल्टर: हिरवट झाक दिसली तर आत पाणी गेलंय, तांबूस पूड दिसली तर कुठल्यातरी सिलिंडरचा गंज. मग सिलिंडरला न जोडता डिनचं झाकण घट्ट लावून माउथपीसमधून हवा ओढून धरा. हवा आत येत राहिली तर माउथपीस, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा डायाफ्राम कुठेतरी गळतोय. तिसरी गोष्ट इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणारा दाब. त्याचा छोटा गेज इन्फ्लेटरच्या होजला लागतो आणि तो स्वतःकडे असावाच. साधारण ९ ते १० बारच्या दरम्यान काटा येऊन थांबला पाहिजे, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. श्वास घेतला की काटा खाली जाऊन झटकन मूळ जागी यावा. पाच मिनिटं न हलवता ठेवल्यावर तो हळूहळू वर चढत राहिला तर आतली सीट झिजली आहे, आणि पुढे कधीतरी सेकंड स्टेज आपोआप हवा सोडू लागेल.

सीट झिजलेली असली तरी संच टाकाऊ होत नाही, सर्व्हिसमध्ये ती बदलली जाते. पण भाव करताना पूर्ण सर्व्हिस आणि चारही नव्या होज तुमच्या खर्चात धरा. जुन्या होजची लांबी तशीही तुमच्या कामाची नाही, आणि त्यांचं वय मित्रालाही आठवत नसेल. पैसे देण्यापूर्वी सर्व्हिस करणाऱ्याला एकच फोन करा: या मॉडेलचं सर्व्हिस किट आत्ता त्याच्या हाताशी आहे का, की मागवावं लागेल. मागवावं लागणार असेल तर पावसाळ्यात द्या, म्हणजे ऑक्टोबरमध्ये बोटी सुरू होतील तेव्हा संच तुमच्याकडे असेल.